निघण्याआधीचे गाणे

दलित साहित्याची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने आत्मकथने आणि कविता यांभोवती फिरत राहिली आहे. 'बलुतं' १९७८ साली आले. त्यापाठोपाठ 'आठवणींचे पक्षी' (१९७९), 'उपरा' (१९८०), 'तराळ-अंतराळ' (१९८१), 'अक्करमाशी' (१९८४), 'जिणं आमुचं' (१९८६) ही पुस्तके आली आणि मराठी वाङ्मयाची इयत्ताच बदलून गेली. या पुस्तकांवर प्रबंध झाले, परिसंवाद झाले, भाषांतरे झाली. ते योग्यच झाले. परंतु ज्या १९७८ साली 'बलुतं' आले त्याच साली भीमराव कर्डक यांचे 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हेही पुस्तक आले होते, याची आठवण किती अभ्यासकांना आहे? जलसा आणि गीत यांना आपण चळवळीच्या इतिहासात मानाचे पान दिले. वाङ्मयाच्या चर्चेत मात्र त्यांना दाराबाहेर उभे केले. 'गाण्यांनी समाज जागा केला' हे एक वाक्य लिहिले की समीक्षकाचे कर्तव्य संपते.

ही वाटणी मला मान्य नाही. तिला माझी हरकत केवळ न्यायाच्या भूमिकेतून नाही, ती वाङ्मयीन आहे. आत्मकथन हे निघून आलेल्या माणसाचे वाङ्मय असते. गाव, वस्ती, जातीने नेमून दिलेले काम मागे टाकून माणूस कोठेतरी पोहोचतो, शिकतो, नोकरीला लागतो आणि मग मागे वळून लिहितो. त्याला वाट सापडलेली असते, म्हणूनच त्याचे पुस्तक होते. पण ज्या क्षणी तो उंबऱ्यावर उभा होता, हातात काही नव्हते, पुढचे दिसत नव्हते, त्या क्षणी त्याच्याजवळ कोणते वाङ्मय होते? पुस्तक नव्हते. बहुतेकांच्या घरात वाचणारेही कोणी नव्हते. त्याच्याजवळ असलेच तर एखादे गाणे होते. निघण्याआधीचे हे वाङ्मय तपासल्याशिवाय निघाल्यानंतरच्या वाङ्मयाची समीक्षा पुरी होत नाही, असे मला वाटते.

१

आपले दहा मेळावे आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, अशा अर्थाचे उद्गार बाबासाहेबांनी काढल्याचे सर्वत्र सांगितले जाते. हा गौरव मोठा आहे. पण आपण त्याचा अर्थ सोयीने लावून घेतला. जलसा म्हणजे गाऊन केलेले भाषण आणि गीत म्हणजे यमक जुळवलेला प्रचार, अशी समजूत त्यातून रूढ झाली. प्रचार आज्ञा करतो: शिका, सोडा, निघा. गाणीही हेच करतात काय? चार प्रसिद्ध गीतांची वाक्यरचना तपासून पाहू.

वामनदादा कर्डक यांचे वादळातल्या दिव्यांचे गीत घ्या. त्यात कोणालाही आज्ञा नाही. तुफानात न विझणारे दिवे आम्ही आहोत, एवढेच गाणारे सांगतात. ते विधान आहे आणि त्याचा कर्ता 'आम्ही' आहे. एका दिव्याचे ते गाणे नाही. वामनदादांचेच दुसरे गीत घ्या, ज्यात भीमाच्या मताचे निदान पाच लोक असते तर काय झाले असते असा विचार येतो. येथे रचना संकेतार्थाची आहे. शत्रूवर टीका करण्याऐवजी हे गीत आपल्याच लोकांची झडती घेते. ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न उठतो, त्या पाचांत मी आहे काय? तिसरे गीत बिर्ला, बाटा, टाटा यांची नावे घेऊन आमचा वाटा कोठे आहे असे विचारणारे. ही सरळ प्रश्नार्थक रचना आहे. तिच्यात भीक मागितलेली नाही, हिशेब मागितलेला आहे.

चौथे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाईल असे प्रथमदर्शनी वाटते. अण्णाभाऊ साठे यांच्या त्या प्रसिद्ध गीतात घाव घालून जग बदलण्याची आज्ञा उघडच आहे. पण ती आज्ञा कोण कोणाला करतो? भीमरावांनी जाता जाता हे मला सांगितले, असे गाणारा सांगतो. म्हणजे अण्णाभाऊ श्रोत्यांना हुकूम सोडत नाहीत. ते स्वतः ऐकणाऱ्यांच्या रांगेत बसतात आणि आपल्याला मिळालेला निरोप पुढे देतात. गाणारा येथे पुढारी होत नाही. गीत जो कोणी गाईल, तो प्रत्येक जण त्या निरोपाचा धनी होतो.

विधान, संकेत, प्रश्न आणि निरोप अशा या चार रचना आहेत. यांतली एकही प्रचाराची रचना नाही. हुकूम ऐकणाऱ्याला लहान करतो, कारण हुकूम करणारा वर आणि ऐकणारा खाली असतो. शतकानुशतके हुकूमच ऐकत आलेल्या समाजाला आणखी एक हुकूम देऊन स्वतंत्र करता येत नाही, ही गोष्ट या गीतकारांनी ओळखली होती. त्यांनी ती लेखात लिहिली नाही. ती गीताच्या घडणीतच दिसते. याला मी कलात्मक जाणीव म्हणतो.

२

आपल्या वाटेने एकट्याने निघण्याचे गाणे इतरांकडे नाही असे नाही. केशवसुतांची 'तुतारी' १८९३ सालची. ती आम्ही सर्वांनी पाठ्यपुस्तकातून शिकली आणि मी ती वर्गात शिकवतोही. कवितेची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. रूढीवर तिचा रोख आहे आणि तो खरा आहे. रवींद्रनाथांनी १९०५ च्या वंगभंगविरोधी आंदोलनाच्या काळात, हाकेला कोणी ओ दिली नाही तर एकट्याने चालण्याचे गीत लिहिले. तेही थोरच आहे. या दोन्ही रचनांत एक व्यक्ती आहे. तिला समाज मागे ओढतो आणि ती त्यातून सुटून पुढे होते. तुतारी हे वाद्यच असे आहे की एकाने फुंकायचे आणि बाकीच्यांनी जागे व्हायचे.

जलशाचे तसे नाही. जलसा तमाशाच्या घडणीतून आला. सत्यशोधकांनी ती घडण आधी वापरली आणि आंबेडकरी जलसाकारांनी १९३० नंतरच्या काळात तिला नवे रूप दिले. गणातला देव गेला, गवळणीतला शृंगार गेला. पण एक गोष्ट त्यांनी टाकली नाही, ती म्हणजे झील. मुख्य गाणारा ओळ म्हणतो आणि मागचे साथीदार ती उचलून धरतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी समोर बसलेले लोकही ती ओळ धरतात. ऐकणारा आणि गाणारा यांतले अंतर काही वेळापुरते नाहीसे होते.

हा केवळ सादरीकरणाचा भाग आहे असे कोणी म्हणेल. मला तो आशयाचा भाग वाटतो. मध्यमवर्गीय तरुण घरातून बाहेर पडतो तेव्हा त्याला समाजाच्या दडपणातून मोकळे व्हायचे असते, म्हणून त्याला एकांताचे गाणे लागते. आमच्याकडच्या मुलाचा प्रश्न निराळा असतो. त्याला मोकळे व्हायचे असते जातीने लादलेल्या जागेपासून. पण त्याच जागेवर त्याची माणसे राहत असतात. तो निघाला की ती मागे राहतात. त्यामुळे निघणे म्हणजे आपल्या माणसांचा विश्वासघात तर नव्हे, हा काटा त्याच्या मनात असतो. त्याला धैर्यापेक्षा अनुमतीची गरज अधिक असते. झिलीचे गाणे ही अनुमती देते. एकट्याने निघणाऱ्याला ते 'आम्ही' हा शब्द बरोबर देते. आंबेडकरी गीताचे वाङ्मयीन सामर्थ्य मला येथे दिसते.

३

ही अनुमती कशासाठी लागते, हे समजण्यासाठी वतनाकडे पाहिले पाहिजे. महार वतनाने माणसाला उपाशी ठेवले, पण पुरते मरूही दिले नाही. तुकडाभर जमीन, बलुते, शिळी भाकरी आणि त्याबदल्यात आठही प्रहर गावाची व सरकारची बिनबोभाट चाकरी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. तेव्हा विरोध बाहेरून झाला, तसा आपल्या काही लोकांच्या मनातही धाक होता. असलेले गेले तर खायचे काय, हा तो धाक. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने नष्ट झाली ती १९५८ च्या अधिनियमाने. म्हणजे तीस वर्षे गेली. या तीस वर्षांत जलसे गावोगाव फिरत होते. मेलेली जनावरे ओढणार नाही, येसकरकी करणार नाही, असे म्हणण्याआधी माणसाने ते कोठेतरी उच्चारून पाहिलेले असावे लागते. पाटलासमोर एकदम उच्चारणे शक्य नव्हते. रात्री जलशात, शंभर जणांच्या आवाजात आपला आवाज मिसळून ते उच्चारता येत होते. नकाराची तालीम तेथे होत होती.

वतन गेले म्हणून हा प्रश्न संपला असे समजू नये. माझे वडील एका नगरपालिकेत सफाई कामगार होते. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. ही तरतूद कष्टकऱ्यांच्या संघटनांनी टिकवलेली आहे आणि तिच्यावर हजारो कुटुंबे जगतात. तिला नावे ठेवण्याचा अधिकार पोट भरलेल्या माणसाला नाही. पण वारसाने चालत आलेला झाडू हेही एक प्रकारचे वतनच आहे, हेही तितकेच खरे. मी बारावी झालो तेव्हा वडिलांचे गुडघे गेले होते. जागा माझी होती. अर्ज भरायचा होता. पक्का पगार, निवृत्तिवेतन, लग्नाच्या बाजारात किंमत. घरातले कोणीही वाईट चिंतत नव्हते.

त्या दिवसांत मी पाच लोकांच्या त्या गीताला चिकटून होतो. आमच्या वस्तीत ते १४ एप्रिलला भोंग्यावर वाजे. मोठे झाल्यावर मी ते स्वतःशी गुणगुणत असे. हजारो गाणी कानांवर पडतात आणि त्यांतले एखादेच आपले होते. ते का होते, हा समीक्षेचा प्रश्न आहे. मला वाटते, ज्या गाण्याची रचना आपल्या पेचाच्या रचनेशी जुळते ते गाणे आपले होते. माझा पेच 'जर' हाच होता. जर अर्ज भरला तर, जर भरला नाही तर. गीतातला 'जर' पाच माणसे शोधत होता आणि मी त्यांतला एक होण्याचे टाळू शकत नव्हतो. मी वडिलांना सांगितले की मी अर्ज भरणार नाही, तालुक्याला जाऊन शिकेन. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जातोस तर जा, पण परत येऊन झाडू मागू नको."

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर गाण्याची भाबडी पूजा होईल. मला गाण्याने शिकवले नाही. मला शिकवले भारत सरकारच्या शिष्यवृत्तीने, समाजकल्याणच्या वसतिगृहाने आणि थोरल्या बहिणीच्या मजुरीने. शिष्यवृत्ती नसती तर तेच गीत गात मी कोठेतरी हमाली करत असतो. गाणे भाकरी देत नाही, फी भरत नाही. पक्क्या नोकरीला 'नको' म्हणण्याची भाषा मात्र शिष्यवृत्तीच्या अर्जात नव्हती. ती गीतात होती. जे गीताने केले तेवढे गीताच्या खाती मांडावे आणि जे केले नाही ते मांडू नये, इतकाच हिशेब समीक्षेने ठेवावा.

४

प्रस्थापित समीक्षकांचा एक आक्षेप नेहमीचा आहे. ही गाणी सिनेमाच्या चालींवर बेतलेली असतात, तेव्हा त्यांना स्वतंत्र निर्मिती कसे म्हणावे? वामनदादांची गीतरचना १९४३ च्या सुमारास एका विडंबनगीताने सुरू झाली. हे लपवण्याचे काही कारण नाही. देशवंडीसारख्या सिन्नर तालुक्यातल्या गावात जन्मलेल्या आणि मुंबईत वयात आल्यावर अक्षरओळख झालेल्या या माणसाने हजारो गीते रचली. त्यांच्या एका संग्रहाचे नाव 'वाटचाल' (१९७३) आहे. त्यांच्यासमोरचा श्रोता स्वरलिपी वाचणारा नव्हता, त्याच्या घरी पेटी नव्हती. जी चाल त्याच्या कानात आधीपासून आहे, तिच्यात नवा आशय घातला की गाणे त्याच रात्री त्याच्याबरोबर घरी जाते. ट्रकच्या टपावर, गिरणीच्या पाळीत, वसतिगृहाच्या खोलीत ते साथीवाचून गाता येते. एकट्याने निघालेल्याला असेच गाणे लागते. ज्या गाण्याला दहा वादक लागतात ते गाणे गाव सोडून जाणाऱ्याच्या पिशवीत मावत नाही. उसनी चाल ही येथे उणीव नाही. तो साधनांचा विचारपूर्वक केलेला उपयोग आहे.

५

आता मागे राहिलेल्यांचे पाहू. अण्णाभाऊ वाटेगावहून लहानपणी घरच्यांबरोबर पायी चालत मुंबईला आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी लिहिलेली मैनेची छक्कड सर्वांना ठाऊक आहे. पोटासाठी मुंबईला आलेला कामगार गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ होतो आणि पुढे ती मैना महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव-कारवारचे रूप घेते. निघण्याची किंमत इतक्या प्रामाणिकपणे सांगणारी रचना मराठीत दुर्मीळ आहे. पण मैना स्वतः त्यात बोलत नाही. निघतो तो पुरुष, गातो तो पुरुष आणि ती आठवण होऊन राहते. आपल्या पुष्कळ गीतांची ही मर्यादा आहे आणि ती सांगायला संकोचू नये.

मैना बोलली ती जात्यावर. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी हिंडून ज्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात असतात. एक ओवी टाकते, दुसरी पुढची टाकते. या ओव्यांत बाबासाहेब बहुधा नेता म्हणून येत नाहीत. ते भाऊ होऊन, सोयरा होऊन, घरचा माणूस होऊन येतात. या बायांना घरातून निघता आले नाही. मुलांना शाळेत पाठवणे हेच त्यांचे निघणे होते. माझ्या बहिणीने शाळा सोडली म्हणून मी कॉलेजात गेलो. तिच्या त्या निर्णयाला कोणते गाणे होते, हे कोणी विचारले नाही. आज कडूबाई खरात एकतारीवर भीमगीते गाऊन स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांचा आवाज घरोघरच्या मोबाइलवर पोहोचला आहे. त्यांच्या रूपाने मैना जात्यावरून उठून रस्त्यावर आली, असे मी म्हणेन. हा बदल अभ्यासाचा विषय होण्याच्या योग्यतेचा आहे.

६

वरील विवेचनातून आंबेडकरी गीतासाठी एक कसोटी निघते. गाणे ऐकणाऱ्याला कर्ता करते काय? त्याच्या एकटेपणाला 'आम्ही'ची सोबत देते काय? मागे राहिलेल्यांचे देणे ते त्याच्या ध्यानात ठेवते काय? आज जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर वाजणारी पुष्कळ गाणी या कसोटीला उतरत नाहीत. त्यांत बाबासाहेबांचा जयजयकार असतो, आपला दरारा असतो, गाड्या आणि गर्दी असते. त्यांवर नाचता येते. ती ऐकून एखादा मुलगा वारसाची नोकरी नाकारून शिकायला निघेल, असे मला वाटत नाही. ती ऐकणाऱ्याला आहे तेथेच मोठे करतात. वामनदादांचे गीत मात्र त्याला अस्वस्थ करून उठवते. दोन्हींना 'भीमगीत' हे एकच नाव देऊन आपण त्यांतला भेद पुसून टाकला आहे. समीक्षा नसली की असेच होते.

म्हणून माझी सूचना व्यवहाराची आहे. महाविद्यालयांतल्या शिक्षक मित्रांनी 'तुतारी'बरोबर वामनदादांचे एक गीत वर्गात घ्यावे आणि दोन्हींची रचना सारख्याच काटेकोरपणे फळ्यावर मांडावी. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या घरातल्या, वस्तीतल्या पन्नाशी-साठीच्या माणसांना, विशेषतः बायांना, एक प्रश्न विचारावा. आयुष्यात पहिल्यांदा 'नाही' म्हणालात तेव्हा ओठांवर कोणते गाणे होते? गाणे, चाल, साल, गाव आणि नकाराचा विषय, एवढे वहीत उतरवून घ्यावे. कार्यकर्त्यांनी जयंतीच्या कार्यक्रमात एक तास अशा कथनाला द्यावा. हे सांगू शकणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. वामनदादाही २००४ साली गेले. दलित साहित्याचा जो इतिहास आपण छापील पुस्तकांच्या आधारे लिहिला, त्याच्या आधीचे पान या वह्यांत आहे. ते लिहून घेतले नाही, तर आपण कोठे पोहोचलो हे पुढच्या पिढीला कळेल, पण घरातून पाऊल उचलले कसे हे तिला सांगता येणार नाही. आणि ज्याला अजून निघायचे आहे, त्याला तेच सांगण्याची गरज आहे.